तंबूशेठ

तंबूशेठांना फाटकं बघवत नसे. तंबूच्या दारावर तिकिटं घ्यायला ते स्वतः उभे राहत, आणि येणाऱ्या माणसाच्या तोंडाआधी त्याच्या सदऱ्याकडे बघत. खांद्यावर उसवलेलं दिसलं की हात धरून बाजूला घेत, टोपीच्या कडेला खोचलेली सुई काढत आणि मागची रांग खोळंबून ठेवून तिथल्या तिथे चार टाके घालत.

"बटन कुठाय रे?"

"पडलं वाटतं, शेठ."

"पडलं न्हाई, तू पाडलंस. उद्या ये, लावून देतो."

मागून कुणी तरी ओरडे, "शेठ, पिच्चर सुरू व्हईल की!"

"मी हितं हुबा हाय तवर कसा व्हईल?" असं म्हणून ते दाताने दोरा तोडत.

जातीने आणि धंद्याने ते शिंपी. 'शेठ' हे गावाने निम्मं थट्टेने लावलेलं नाव. तरुणपणी एका फिरत्या सिनेमाचा फाटलेला तंबू शिवायला त्यांना बोलावलं होतं. तंबू शिवून झाला, पण त्यांचं मन काही त्यातून बाहेर आलं नाही. पुढे बऱ्याच वर्षांनी त्यांनी सिनेमाचं एक जुनं मशीन आणि वीज करायचं डिझेल इंजिन घेतलं. तंबू मात्र विकत घेतला नाही. जाडाभरडा मांजरपाट आणून त्यांनी आणि त्यांच्या बायकोने, सरूकाकूंनी, पट्ट्याला पट्टा जोडून तो घरीच शिवला. श्रीगोंदा तालुक्याच्या कोरड्या अंगाला हे गाव होतं. मी केडगावची, नर्स म्हणून तिथे नवीनच लागले होते. माझी खोली बाजारतळाला लागून, आणि बाजारतळावर त्यांचा तंबू. दिवाळीपासून उन्हाळ्यापर्यंत तो तिथे उभा असे. संध्याकाळी भोंग्यावर देवाची गाणी लागली की गाव घाईघाईने जेवणं उरके.

आत मधोमध कनात होती. एका बाजूला पुरुष, दुसऱ्या बाजूला बायका. सगळ्यांनी आपापलं बारदान आणायचं आणि जमिनीवर बसायचं. बायकांच्या बाजूला कुणी डोकावू नये म्हणून शेठ कनातीच्या तोंडाशी ठाण मांडून बसत, पडद्याकडे पाठ करून. सिनेमा चांगला की वाईट हे ठरवायची त्यांची एकच रीत होती. रीळ बदलायला मशीन थांबलं की ते माझ्याजवळ येऊन हळूच विचारत, "नर्सबाई, रडल्या का?"

मी हो म्हटलं की त्यांचा चेहरा उजळे. "बायका रडल्या म्हंजी पिच्चर चालला. घरी कुठं मिळतंय त्यांना निवांत रडाया?"

माझ्या शेजारी नेहमी चंद्रभागा बसायची. नुकतं लग्न होऊन आलेली, तोंडाची फटकळ. ती नुसती रडत नसे, पडद्यावरच्या बाईशी बोलत असे. "आगं त्याच्या नादी लागू नगंस! डोळं फुटलं का तुजं?" सासू चिमटे काढायची, पण तीही पुढे बघत बघतच.

मग दुष्काळ आला. आधीच्या दोन सालांत पाऊस कमीच झाला होता, त्या साली झालाच नाही. बाजरी वीतभर येऊन करपली. विहिरींचे तळ दिसले, दावणी रिकाम्या झाल्या. शेठांनी दिवाळीला सवयीने तंबू उभा केला, भोंगा लावला. आत मोजकी माणसं आली, बायकांच्या बाजूला मी एकटी. सिनेमात लग्नाच्या जेवणावळीचा देखावा लागला. पुढे बसलेली माणसं पानातल्या बुंदीकडे बघत होती. शेठांनी उठून इंजिन बंद केलं.

"जावा घरी," ते अंधारात म्हणाले. "उपाशी मान्साला मी जेवनावळी दावतोय. मलाच लाज वाटाय लागली."

त्यानंतर तंबू उभा होता, पण बंद.

गाव सरकारी कामावर गेलं. टेकडीच्या अंगाने रस्ता होत होता, त्यासाठी खडी फोडायची. शेठ आणि सरूकाकूही जात. मी औषधाची पेटी घेऊन दिवसाआड तिथे जायची. कापसासारख्या मऊ हातांची म्हातारी माणसंही दगडावर बसलेली असत. पण मला बघवत नसत ती तान्ही पोरं. झाड म्हणावं तर एक वठलेली बाभूळ. आया पोरांना दगडाच्या ढिगाआड निजवत, वर पाटी पालथी घालत, आणि सावली सरकली की पोर सरकवायला धावत. मुकादम ओरडे. काही पोरांची तोंडं उन्हाने सोलली होती.

एकदा शेठ हातोडा खाली ठेवून त्या पाट्यांकडे बघत राहिले. संध्याकाळी माझ्या खोलीतून दिसलं, ते तंबूचे दोर सोडत होते.

सरूकाकू खांबाला धरून उभ्या होत्या. "आपलं पोट हाय हे. यालाबी हात लावताव?"

"पोट कुठं चालतंय त्याच्यावर आता? उभा हाय नुसता."

"आन पाऊस पडल्यावर?"

"कापाया लागलो का मी? शिवन उसवतोय. पुन्हा शिवू की, तुजं हात हायेत, माजं हायेत."

काकूंनी खांब सोडला. मग त्यांनीही एक टोक धरलं आणि दोघं समोरासमोर बसून आपणच घातलेले टाके उसवू लागली.

दुसऱ्या दिवशी रस्त्याच्या कडेने बांबूंवर तंबूचे पट्टे ताणले गेले. लांबच लांब सावली पडली. पहिल्या दिवशी काही बायकांनी आपली पोरं इतरांपासून लांब, दुसऱ्या टोकाला नेऊन ठेवली. बौद्धवाड्यातल्या बाया अलीकडच्या टोकाला राहिल्या. ऊन चढलं, तसतशी ती पोरं सावलीबरोबर सरकत सरकत एकमेकांना येऊन भिडली. मग पुढे कुणी टोकं पाहिली नाहीत. चंद्रभागेचा किसनही तिथेच असे, जेमतेम बसायला लागलेला. त्याच्या डोक्यावरच्या पट्ट्याला काकूंच्या जुन्या हिरव्या लुगड्याचं मोठं ठिगळ होतं. तो पाठीवर पडून त्या हिरव्या तुकड्याकडे हात करी. शेठ पाणी प्यायला आले की मुद्दाम तिकडून जात आणि दोरी हलवून ते ठिगळ नाचवत.

चैत्र संपता संपता टँकरचं पाणी येईनासं झालं. माणसं झऱ्यातलं गढूळ पाणी गाळून पिऊ लागली आणि हगवण-उलटीची साथ आली. मोठी माणसं वाकली, पण निभावली. तान्ह्यांना तेवढाही जीव नव्हता. मी मीठसाखरेचं पाणी चमच्याने पाजत या पोराकडून त्या पोराकडे जात होते. तालुक्याला निरोप धाडला होता. जीप येईपर्यंत किसन गेला. त्या हिरव्या ठिगळाखालीच, माझ्या समोर. त्या आठवड्यात त्या सावलीत आणखीही पोरं गेली. चंद्रभागा तिसऱ्या दिवशी पुन्हा कामावर आली, कारण न येऊन चालणार नव्हतं. ती आता कापडाकडे पाठ करून बसे. तोंडातून शब्द नाही. नुसता हातोड्याचा आवाज.

पुढच्या साली पाऊस झाला. फार नाही, पण झाला. बाजरी घरात आली, आणि खरीप उरकल्यावर शेठ गावात दारोदार पट्टे गोळा करत हिंडले. रस्त्याचं काम उठल्यावर लोकांनी ते घरी नेले होते. कुणी परत आणून दिले, कुणाच्या छपरावरून त्यांनी काढले. धुराने काळे झालेले, डाग पडलेले. नदीच्या नव्या पाण्यात त्यांनी आणि काकूंनी ते आपटून आपटून धुतले. मग बाजारतळावर दोघांचं शिवणं सुरू झालं. काकूंना सुईत दोरा ओवायला दिसेना, मी संध्याकाळी जाऊन ओवून देत असे.

"आवंदा देवाधर्माचा पिच्चर न्हाई आनायचा," शेठ म्हणाले. "हसायचा आनायचा. लई दिवस झालं, हसलं न्हाई गाव."

तंबू पुन्हा सुरू झाला त्या संध्याकाळी अख्खा गाव लोटला. सरपंचांनी नारळ फोडला. माणसं धुतलेले कपडे घालून आली होती, पण ते कपडे अंगावर लोंबत होते. शेठ दारावर एकेकाला नावाने आत घेत होते. काही घरांतून नेहमीची माणसं आली नाहीत, त्यांच्याबद्दल त्यांनी कुणाला विचारलं नाही. बायकांची बाजू भरली तेव्हा त्यांनी दोन्ही हात जोडले. चंद्रभागेला सासूने ओढूनच आणलं होतं. "किती दिवस घरात बसशील? चार बायांत मन रमंल," म्हणत होती.

इंजिन धडधडू लागलं, पडद्यावर उजेड आला. पुरुषांच्या बाजूला पहिल्याच विनोदाला हशा पिकला. मीही हसले. शेजारी चंद्रभागा हसली नाही म्हणून मी वळून पाहिलं, तर ती वर बघत होती. पडद्याच्या उजेडात तिच्या डोक्यावर ते हिरवं ठिगळ दिसत होतं.

"चंद्रभागा, इकडे माझ्याजवळ सरक," मी म्हटलं.

"बाई, माजा किसन हितं हुता." ती हळू आवाजात म्हणाली. मग उभी राहिली. हात वर केला, पण कापड उंचावर होतं, पोचला नाही. "हितं गेला माजा किसन!"

बायकांनी माना वर केल्या. धुऊनही डाग राहिले होते, शिवणी ओळखीच्या होत्या. कोपऱ्यातून एक आवाज आला, "माजी ठकी या फाटक्या कोन्याखाली हुती." मग दुसरीने तोंडात पदर कोंबला. बघता बघता ती सगळी बाजू रडू लागली. कनातीपलीकडे पुरुष खदखदून हसत होते.

शेठ लगबगीने आत आले. रडणं त्यांना बाहेर ऐकू आलं होतं. चेहरा उजळलेला. वाकून मला म्हणाले, "नर्सबाई, रडल्या का?"

मग त्यांनी पडद्याकडे पाहिलं. तिथे कुणी तरी चिखलात घसरून पडत होतं. त्यांनी चंद्रभागेकडे पाहिलं, तिच्या हाताच्या दिशेने वर पाहिलं. दोरी हलवून आपण काय नाचवत होतो, ते त्यांना आठवलं असावं. ते बाहेर गेले आणि इंजिन बंद पडलं.

पेट्रोमॅक्स आणि शिडी घेऊन ते परत आले. पुरुष कुरकुरू लागले. एक म्हातारा म्हणाला, "शेठ, सकाळी काढा की. लोकं बसल्यात."

"आन तवर तिनं काय याच्याखाली बसायचं?" शिडीवरून शेठ बोलले. टाके भराभर उसवत गेले. पट्टा खाली आला. त्यांनी तो घडी करून चंद्रभागेसमोर धरला.

तिने हात पुढे केले आणि मागे घेतले. "घरी निऊन काय करू, शेठ? मला न्हाई बघवायचं." ती बाहेर गेली. तिच्यामागे सासू, मग एकेक करत सगळ्या बायका. शेठ घडी छातीशी धरून बाजूला उभे राहिले आणि त्यांना वाट देत राहिले. पुरुषांसाठी त्यांनी सिनेमा पुन्हा लावला. कुणी हसलं नाही.

पुढे बायका आल्या नाहीत. कुणी शेठांना बोल लावला नाही, उलट त्यांचं नाव निघालं की बाया डोळे पुसत. पण त्या कापडाखाली बसवत नव्हतं. पुरुषही पांगले. काकू म्हणाल्या, पट्टे रंगवून घेऊ. शेठ म्हणाले, "कापडाचा रंग बदलंल. त्यांना ठावं हाय ते कुठं जाईल?" महिन्याभरात त्यांनी तंबू उतरवला आणि गाव सोडायचं ठरवलं. सामान बैलगाडीत चढलं तेव्हा मी निरोप द्यायला गेले.

"शेठ, तुम्ही केलं ते चांगलंच केलं होतं," मी म्हटलं.

"आसं म्हनू नका, नर्सबाई. पोरं वाचली आसती तर चांगलं." एवढं बोलून ते गाडीत बसले.

दोन-तीन वर्षांनी एका कामासाठी श्रीगोंद्याला गेले होते. साखर कारखान्याच्या रस्त्याला एका टपरीत ते शिवणयंत्रावर बसलेले दिसले. ऊसतोडीच्या माणसांचे कपडे दुरुस्त करत होते. काकूंना आता नीट दिसत नव्हतं, आवाजावरून त्यांनी मला ओळखलं आणि चाचपडत चहा ठेवला.

"तंबू कुठे आहे?" मी विचारलं.

"इकला. लग्नाच्या मांडवाला जातो आता. तिथं कोन वळखतंय त्याला?" ते पायडल मारत राहिले. मग मान वर न करता म्हणाले, "ती बाई... चंद्रभागा. तिला पुन्हा काय?"

"मुलगी झाली."

पायडल थांबलं. "जगली का?"

"जगली, शेठ. चांगली चालते, बोलते. आईसारखीच फटकळ आहे."

ते उठले. गाठोड्यातून पिवळं मऊ कापड काढलं, काही न मोजता कात्री चालवली आणि शिवायला बसले. मी म्हटलं, "शेठ, मोठी झाली आहे ती आता. पळते." ते म्हणाले, "व्हय, व्हय, आयकलं मी," आणि शिवतच राहिले. एसटीची वेळ होत आली तेव्हा त्यांनी एक झबलं कागदात गुंडाळून माझ्या हातात दिलं. तीच आमची शेवटची भेट.

गावी पोचल्यावर मी ते चंद्रभागेकडे नेलं. तिने कागद उघडला. मुलगी धावत आली, झबल्यात हात घालू लागली. तिचा दंड बाहीत शिरेना. जेमतेम बसायला लागलेल्या पोराच्या मापाचं होतं ते.

चंद्रभागेने ते तिच्या हातातून काढून घेतलं. मांडीवर पसरलं, दोन्ही बाह्या बोटांनी सरळ केल्या.

"हिच्यासाठी न्हाई हे," ती म्हणाली. मग तिने विचारलं, "शेठ बरं हायेत का?"

मी सांगितलं, बरे आहेत. तिने झबलं पदराखाली घेतलं आणि ती आत गेली.