मंगळ राहू दे

आईला टीव्हीवरच्या प्रश्नमंजूषेत बसवायचं खूळ माझं. मेथी निवडता निवडता ती पडद्यावरच्या स्पर्धकाआधी उत्तर द्यायची आणि वर "ह्येला एवढं बी येईना व्हय?" म्हणून त्याला झापायची. मी तिचं नाव नोंदवलं, फोनवरच्या फेऱ्या तिने लीलया पार केल्या आणि खरंच बोलावणं आलं. पेढे वाटायचे तेवढे बाकी होते.

मुंबईच्या स्टुडिओत मी प्रेक्षकांत बसले होते. सूत्रसंचालक तोंडाचा गोड. आई "मी आलो", "मी शिकलो" म्हणाली की त्याला भारी गंमत वाटायची. आमच्या कोल्हापूरच्या बायका असंच बोलतात, हे त्याला कुणी सांगितलं नसावं. पहिले काही प्रश्न तिने पटापट उडवले. मग आला तो प्रश्न. यांपैकी कोणत्या ग्रहावर सूर्य पश्चिमेला उगवतो? बुध, शुक्र, मंगळ, शनी. मला हायसं वाटलं. शुक्राची ही उलटी तऱ्हा आईने आम्हाला इतक्यांदा ऐकवली होती की आम्ही कंटाळलो होतो. पण तिला एकेक पर्याय मोठ्याने म्हणत बाजूला सारायची सवय. ती "मंगळ..." एवढंच म्हणाली, तोच त्याने विचारलं, "मंगळ ठेवू या?"

"राहू दे," आई म्हणाली.

म्हणताना तिने हात झटकला. पंगतीत वाढपी पुन्हा आला की आपण ताटावर हात आडवा धरतो ना, तसा. कॅमेरा नेमका सूत्रसंचालकाच्या तोंडावर होता. मंगळाची पट्टी आधी पिवळी झाली, मग लाल. आईचं तोंड उघडं ते उघडंच राहिलं. बाहेर आल्यावर तिथल्या एका मुलीने विचारलं, "काकू, काही तक्रार लिहून घेऊ का?" आई म्हणाली, "राहू दे." मी कपाळावर हात मारून घेतला.

तो भाग दाखवला गेला आणि आमच्या घराची शांतता गेली. त्या कार्यक्रमाच्या चाहत्यांचा जिल्ह्याचा एक ग्रुप आहे, त्यात मी आधीपासून होते. एरवी तिथे कोणता प्रश्न सोपा, कोणता फसवा, यावर चर्चा चालते. आता सगळे आईवर तुटून पडले. गडहिंग्लजचे एक गृहस्थ स्वतः कधीतरी त्या खुर्चीत बसून आलेले, त्यामुळे त्यांचा शब्द तिथे शेवटचा. त्यांनी निकाल देऊन टाकला, "ठेवू का म्हटल्यावर राहू दे, म्हणजे ठेवा. बाईंना उत्तर येत नव्हतं, विषय संपला." राधानगरीच्या एका बाईंनी लिहिलं, "आमच्यात राहू दे म्हंजे नको." झालं, दोन तट पडले. कुणी आईच्या उघड्या तोंडाचं चित्र करून फिरवलं. मला इतका संताप आला की फोन फेकून द्यावासा वाटला.

शेजारच्या काकी विरजण मागायला आल्या आणि दारातूनच म्हणाल्या, "वैनी, तुमच्या पत्रिकंतच मंगळ होता जनू!" आई हसली. त्या गेल्यावर माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाली, "मी शुक्र म्हणनार होतो गं. हरलो त्येचं काय न्हाय. पर मला येत होतं, एवढं तरी कुनाला कळू दे." तिने माझ्याकडे दुसरं काही मागितल्याचं मला आठवत नाही.

मग मी कंबर कसली. रविवारचा सगळा दिवस घालवून ग्रुपवर लांबलचक मजकूर लिहिला. हात झटकलेला मी डोळ्यांनी पाहिला, ते सांगितलं आणि सूत्रसंचालकालाही चार शब्द सुनावले. शेवटी ठणकावलं, "आमच्या घरात राहू दे म्हणजे नकार. आम्ही आईला जन्मभर ऐकत आलोय." जेवायला बसल्यावर ते मोठ्या ऐटीत वाचून दाखवलं. बाबांनी "शाब्बास!" म्हणून मान डोलावली. आई भाकरी थापत होती. तिचा हात थांबला.

"ह्ये कुनी सांगितलं तुला?" ती म्हणाली.

"म्हंजे?"

"तुमी दोघांनी माझं राहू दे कवा नको म्हणून ऐकलंय? ह्यांनी इचारलं, मशीन आक्काकडं ठिवू का? मी म्हणलो, राहू दे. सांच्याला टेंपो दारात. त्या टीव्हीवरच्या पावण्याला कशाला शिव्या घालतीस? त्येनं बी तुमच्यागतच ऐकलं की."

आक्का म्हणजे माझी आत्या आणि मशीन शिलाईचं. आई गल्लीतल्या बायकांचे ब्लाऊज शिवायची. मशीन गेलं तेव्हा मी शाळेत होते आणि आई शिवणाला कंटाळली असेल, असंच मी धरून चालले होते. बाबांचा तर घास घेतलेला हातच ताटात राहिला. आई रागावली नव्हती. उत्तर सांगावं तसं तिने ते सांगितलं होतं, त्यामुळे जास्तच लागलं. भाकरी करपल्याचा वास आला तेव्हा तिने ती उलटली.

ताट बाजूला सारून बाबा म्हणाले, "उद्या आनू व्हय मशीन आक्काकडनं?"

"राहू दे," आई म्हणाली.

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मी त्यांच्याकडे. जिल्हाभराच्या लोकांना मी ज्यांचा अर्थ ठणकावून सांगितला होता, ते दोन शब्द माझ्यासमोर पडले होते आणि मला ते उलगडत नव्हते. तिला मशीन नको होतं, की आणण्याची दगदग नको होती, की आम्हीच नको झालो होतो? मला भीती वाटली.

"आई, राहू दे म्हंजे काय?" मी विचारलं. "आनायचं का न्हाय?"

तिने तवा उतरवला, पदराला हात पुसले. शुक्रावरचा सूर्य कुठे उगवतो ते झोपेतही सांगणारी माझी आई कितीतरी वेळ नुसती उभी राहिली.

"मला तरी कुठं ठावं हाय," ती म्हणाली. "असं कुनी फिरून इचारलंच न्हाय कवा."