तीन म्हशी आणि इंग्रजीचा पेपर

ते प्रकरण आठवलं की आजही स्वतःचाच राग येतो, आणि राधानगरीकडचा तो गोठा डोळ्यांपुढे उभा राहतो.

मी तेव्हा कोल्हापुरात ठाण्याचा प्रभारी होतो. सकाळची हजेरी चालू असताना निनावी फोन आला. एका मुलीला भरती परीक्षेत इंग्रजी व्याकरणात पैकीच्या पैकी गुण पडले होते. "क्लास न्हाय, घरात म्हशी. पेपर फुटल्याबिगर जमतंय व्हय?" स्टेशन डायरीला नोंद झाली आणि मुलीची नेमणूक अडकली. क्लास नाही म्हणजे चोर! किती सहज ठरवतो आपण!

महिला हवालदारासमोर मी जबाब सुरू केला. कुठल्या क्रियापदापुढे 'टू' येतं, कुठल्यापुढे 'आयएनजी', कुठे 'दॅट' लावून अख्खं वाक्य, हे पुस्तकातून विचारलं. पोरगी गप्प. मी टेबलावर हात आपटला. तिनं मान आणखी खाली घातली. 'उत्तरे देता आली नाहीत' असं मी लिहूनही टाकलं.

हवालदार बाई हळूच म्हणाल्या, "साहेब, हात बघा तिचे."

मांडीवर दोन्ही मुठी वरखाली होत होत्या.

"काय करतीयास गं?"

"आठवतोय साहेब. म्हशीबिगर आठवत न्हाय."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी दोन पंच घेऊन तिच्या गोठ्यावर गेलो. तीन म्हशी होत्या. दोन वर्षं ती धार काढताना पाठांतर करत होती, प्रत्येक म्हशीला क्रियापदांचा एकेक गट वाटून. मी आत पाऊल टाकलं तशी तिची आई ओरडली, "पावणं, टोपी काढा की! म्हस बुजंल."

काढली. पोरगी धार काढायला बसली आणि मी दारातूनच, एका प्राध्यापकांकडून नवे काढून आणलेले प्रश्न हलक्या आवाजात वाचू लागलो.

"अव्हॉइड?"

"भुरीचं. आयएनजी."

"डिसाइड?"

"चंद्रीचं. टू."

"रिअलाइज?"

"मोरीचं. तिला अख्खं वाक्य लागतंय, लई खादाड हाय."

पंच खो खो हसले. दुधाची चरवी भरली, चूक एकही नाही. पंचनाम्यात मी म्हशींची नावंसुद्धा घातली. मुलीला नेमणूक मिळाली. फोन करणारा एक क्लासवाला निघाला.

आता निवृत्तीनंतर, गिऱ्हाइकासमोर म्हशीची धार काढून देतात त्या दूध कट्ट्यावर ताजं दूध प्यायला जातो. चरवीत धारेचा आवाज आला की तो गोठा आठवतो. माणसाला त्याच्या जागेवरून उपटून खुर्चीत बसवायचं, दरडावायचं आणि याला काही येत नाही म्हणायचं, हा कुठला तपास?

'उत्तरे देता आली नाहीत' हे माझ्या अक्षरातलं वाक्य त्या फाइलमध्ये तसंच असेल. तिथं लिहायला हवं होतं, मला विचारता आलं नाही.