हात आयकत नही

कोणाशी बोलायचं असलं की नाना बोटानं आपली पापणी वर धरायचे आणि म्हणायचे, "हां, बोल भो. आता दिसला तू." हे दुपारनंतरचं. सकाळी याच माणसाचे डोळे टक्क उघडे असत आणि केळीचा घड खांद्यावर घेऊन ते बागेतून असे निघत, की तरण्या गड्यांनी वाट सोडावी.

नव्वद सालच्या आसपासची गोष्ट. रावेरला मी केळीच्या व्यापाऱ्याकडे वजनकाट्यावर होतो, नाना घड वाहणाऱ्या टोळीत. तुम्हीही अशा टोळ्या पाहिल्या असतील. एकाचा खांदा ढिला पडला की भार बाकीच्यांवर येतो. म्हणून तिथं आजाऱ्याला माफी आहे, कामचुकाराला नाही. आणि नानांचं नेमकं काय, तेच कोणाला कळेना. ताप नाही, कळ नाही. सकाळी वाघ, दुपारी हातातून घास निसटायचा. बांधावर जरा पडले की पुन्हा ठीक!

"झोपला की बरा, वझं दिसलं की आजारी," मुकादम म्हणायचा. "अशी बिमारी मलेबी पाह्यजे!"

"हात आयकत नही रे," नाना एवढंच सांगायचे.

शेवटी टोळीच त्यांना ट्रकमध्ये घालून जळगावला मोठ्या डॉक्टरांकडे घेऊन गेली. खोटं निघालं तर टोळीतून नाव जाणार होतं. आत सोबत मी एकटा. डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं. थोड्या वेळानं पापण्या उघडल्या, हात डोक्याच्या वर गेले आणि नाना लहान पोरासारखे हसले.

डॉक्टर मला समजावू लागले. हात हलवायचा हुकूम नसेतून येतो. नस आणि स्नायू यांच्यामध्ये बारीक फट असते. नस तिथं एक रसायन सोडते, ते स्नायूला लागलं की स्नायू आकसतो. ते रसायन घ्यायच्या स्नायूवरच्या जागा नानांच्या शरीरानंच बिघडवल्या होत्या. म्हणून सुरुवातीचे हुकूम पोचत, मग पोचेनासे होत; विसावा घेतला की पुन्हा थोडे पोचत. इंजेक्शननं रसायन जरा जास्त वेळ टिकतं, इतकंच. "ही नुसती तपासणी होती, असर थोड्याच वेळात उतरेल. गोळ्या रोज लागतील आणि ओझं बंद." मला अर्धं कळलं, अर्धं डोक्यावरून गेलं.

बाहेर टोळीला दिसले ते हात वर करून येणारे नाना. "एका सुईत बरा झाला!" एकच गलका. माझं कोण ऐकतंय! नानांनाही ऐकायचं नव्हतं. रावेरला उतरताच त्यांनी हौसेनं घड उचलला. तो वाटेतच खाली आदळला.

"आता तं डॉक्टरनंबी बरं केलं," मुकादम म्हणाला. "आता काय बहाना?"

पाहा, आजाराचा पुरावाच सोंगाचा पुरावा ठरला! त्याहून वाईट म्हणजे संध्याकाळी नाना माझ्याजवळ येऊन बसले.

"भो, मी खरंच सोंग तं नही करत? सक्कायी उचलतोच ना मी. मलेच समजत नही."

"नाही, नाना," मी जोरात म्हणालो. त्यांना ते पटलेलं दिसलं नाही.

पुढे ते लेकीकडे एरंडोलला गेले. गोळ्या घेत होते म्हणे. एका हिवाळ्यात निरोप आला, छातीचे स्नायूही थकले, श्वास चालेना, नाना गेले. ट्रक भरत होता. मुकादम माझ्या काट्यापाशी आला.

"म्हंजे खरंच बिमार होता का तो?" त्यानं मला विचारलं.

त्याचा राग यावा की कीव, मला कळेना. मी सांगून सांगून थकलो होतो. त्याला पटायला नानांना मरावं लागलं.