उत्तरेकडची माती आणि ठकूबाईची मेंढरं

चैत्रातल्या एका भर दुपारी आमच्या गावच्या समाजमंदिराच्या भिंतीवर सायबेरिया उजाडला. खिडक्यांवर सतरंज्या टांगून प्रोजेक्टरसाठी अंधार केला होता. त्यांच्या विटक्या कडांमधून उन्हाची पाती आत शिरत होती आणि भिंतीवरच्या त्या अफाट पांढऱ्या माळावर तिरकी पडत होती, त्यामुळे दूरदेशीच्या बर्फालाही आमच्याकडच्या भेगा पडल्यासारखं दिसत होतं. घामाचा, कोमेजत चाललेल्या हारांचा आणि बाहेर धडधडणाऱ्या जनरेटरच्या डिझेलचा एकत्र वास आत कोंडला होता. पुण्याहून आलेले व्याख्याते फेटा सावरत उभे होते. दीपप्रज्वलन, प्रास्ताविक, पाहुण्यांचा परिचय आणि परिचय करून देणाऱ्यांचाही परिचय एवढं सगळं आटोपल्यावर, वितळणाऱ्या जमिनीच्या वाट्याला जेवणाआधीचा उरलासुरला वेळ आला होता. त्यांची गाडी लिंबाखाली चालूच होती आणि आतल्या गारव्यात ड्रायव्हर निवांत झोपला होता.

तरीही सांगते, माणूस बोलला चांगलं. पृथ्वीच्या उत्तरेला अशी जमीन आहे, जी हजारो वर्षं गोठलेलीच राहिली. तिच्यावर गवत उगवलं, वाळलं, आणि कुजण्याआधी गारठून गेलं. मुळं, पानं, शेवाळ, एखाद्या नामशेष जनावराचे केस, सारं थरावर थर जसंच्या तसं पडून राहिलं. कुजणं हे मातीचं जेवण असतं, आणि ही माती जेवायची राहून गेली. आता हवा तापू लागली तशी ती वरून सैल होते आहे. तिच्यात निजलेले सूक्ष्म जीव जागे होतात, पुढ्यातल्या शिळ्या ताटावर बसतात, आणि त्यांच्या जेवणातून कर्बवायू आणि मिथेन वर निघतो. त्या वायूंनी हवा आणखी तापते, आणखी जमीन सुटते, आणखी ताटं वाढली जातात. मला आमच्या कांदा साठवायच्या बराखी आठवल्या. उन्हाळी कांदा कोरडा राहिला तर महिनोन्महिने गप्प पडून असतो. कुठून तरी ओल शिरते, तळातला एक कांदा पाणी सोडतो, आणि वास वर येईतो आजूबाजूचे कामातून गेलेले असतात. बराख निदान उपसता येते, सडका माल बांधावर फेकता येतो. उत्तरेकडची माती कोण उपसणार आणि कुठल्या बांधावर टाकणार?

हे सगळं मी वाचलेलं होतं. तालुक्याच्या गावी ग्रंथालयात नोकरी केली, तेव्हा पुस्तकं लावता लावता वाचायची खोड लागली ती सुटली नाही. पण पानावर सरळ ओळींत उभी असलेली गोष्ट भिंतीएवढी होऊन समोर आली की तिचा गारवा अंगाला लागतो. त्या उकाड्यात मी खरोखर शहारले. आजूबाजूला पाहिलं, तर पुढच्या रांगेतली मंडळी जेवणाच्या वासाकडे नाक लावून बसली होती.

शेवटच्या चित्रात व्याख्यात्यांनी जाता जाता एक गाय दाखवली आणि म्हणाले, की रवंथ करणाऱ्या जनावरांच्या ढेकरांतूनही हाच मिथेन निघतो. मग टाळ्या झाल्या. सतरंज्या उतरल्या तसं ऊन भसकन आत आलं आणि सायबेरिया पुसला गेला.

आमचं गाव महाळुंगे पडवळच्या थोडं पुढे, कालव्याच्या काठाला. त्या वर्षी गावाने पर्यावरणाच्या कुठल्याशा स्पर्धेत भाग घेतला होता आणि त्यासाठी एक समिती नेमली होती. माझे धाकटे दीर, नामदेवभाऊजी, तिचे उपाध्यक्ष. व्याख्यानानंतर समिती बसली आणि मिथेनचा बंदोबस्त करायचा असं एकमताने ठरलं. आता चित्रात दिसली होती ती गाय. पण आमच्याकडे दारोदारी संकरित गाई, सकाळ-संध्याकाळ डेअरीपुढे किटल्यांची रांग, आणि अध्यक्षांचा गोठा तर रस्त्यावरून जाणाऱ्याने थांबून पाहावा असा. तेव्हा गाईंचा विषय निघाला नाही. रवंथ करणारं असं कोण उरलं, ज्याला गावात मत नाही, घर नाही, भावकी नाही? मेंढरं उरली.

दर वैशाखात धनगरांचे कळप कोकणातून परततात. माळशेजचा घाट चढून मढकडून वर येतात आणि जुन्नर, कळंब करत आमच्या बाजूला उतरतात. तोवर रानं मोकळी झालेली असतात. मेंढरं काही रात्री रानात बसवायची, लेंड्या आणि मूत जमिनीत मुरू द्यायचं, आणि मोबदल्यात धनगराच्या वाड्याला, म्हणजे त्याच्या फिरत्या बिऱ्हाडाला, धान्य द्यायचं, ही आमची जुनी रीत. जाळीच्या आत कळप, कडेला घोडी, चूल, कुत्री. मग एका पहाटे उठून पुढच्या वावरात. एकेकाळी यासाठी शेतकऱ्यांत भांडणं होत. त्या वर्षी मात्र गावच्या शिवेवर फ्लेक्स लागला: ‘मिथेनमुक्त गाव. येथे मेंढ्या बसविण्यास सक्त मनाई.’ खाली समितीचे हात जोडलेले फोटो आणि मधोमध एक पांढरं अस्वल. ते हसत होतं की जांभई देत होतं, हे छपाईमुळे कळत नव्हतं. भाऊजींनी घरी येऊन अभिमानाने सांगितलं, “वहिनी, आपलं गाव आता सायबेरियाला मदत करतंय.”

वैशाखात ठकूबाई आली. कळप मागे ठेवून ती नेहमी एकटी पुढे येते, रानं बघते, घासाघीस करते. वयाने माझ्याहून मोठी, आवाजाने त्याहून मोठी. धान्य मोजताना सरळ सरळ लबाडी करते आणि पकडली गेली की आपणच हसते. त्या दुपारी मात्र ओसरीच्या पायरीवर बसली आणि पाण्याच्या तांब्याला तिने हात लावला नाही.

“बाई, त्या फळ्यावर काय लिवलंय? पोरगं वाचून म्हनलं, आपुन ग्यास सोडतो.”

मी खरं ते सांगितलं. म्हटलं, तुम्ही नाही, मेंढरं सोडतात, ढेकरातून.

तिने पदराने तोंड पुसलं. “आन तुमच्या गाया काय उदबत्ती सोडत्यात व्हय?”

मला हसू आवरेना. मग मी तिला उत्तरेकडच्या त्या जमिनीविषयी सांगायला गेले, कारण ते माझ्या डोक्यातून जात नव्हतं आणि ऐकायला दुसरं कोणी नव्हतं. तिने थोडं ऐकून घेतलं आणि म्हणाली, बर्फ इतळलं तर इतळू दे, पानी व्हईल, कुनाच्या तरी कामाला यील. मी मान हलवली नाही. ही बाई चुकते आहे हे मला दिसत होतं, आणि तिची चूक सुधारायला ही वेळ नाही हेही दिसत होतं.

“थट्टा ऱ्हाऊ द्या,” ती म्हणाली. “कोकरं लई बारकी हायेत. रान न्हाई मिळालं तर वाडा उसाच्या कडंला टाकावा लागंल. मागल्या साली तिथं काय झालं, तुमाला ठाव हाय.”

ठाऊक होतं. आमच्या तालुक्यात बिबट्या डोंगरात राहत नाही, उसात राहतो; तिथेच जन्मतो, तिथेच वाढतो. मागल्या साली उशीर झाला म्हणून ठकूबाईचा वाडा उसाला खेटून पडला होता, आणि सकाळी तिचा राखणीचा कुत्रा आणि दोन कोकरं नव्हती. मोकळ्या रानाच्या मधोमध बसलेल्या कळपाला चहूकडून मोकळं अंतर असतं. कुत्र्याला ओरडायला आणि माणसाला उठायला तेवढीच सवड मिळते. त्या सवडीचं नाव रान. ती सवड आता फ्लेक्सने काढून घेतली होती.

“माझ्या वाटणीच्या रानात बसवा,” मी म्हटलं.

ती लगेच उठली नाही. “तुमचं दीर त्या समितीत हायेत म्हनं.”

“ते मी बघते.”

बघायला फार लांब जावं लागलं नाही. ऊन कलायच्या आत बातमी पोहोचली आणि भाऊजी बांधावर आले. त्यांचं आणि माझं रान एकाच बांधाला लागून. एरवी ते मला तुसडं बोलत नाहीत, आणि त्या दिवशीही बोलले नाहीत. समजावण्याच्या सुरात म्हणाले, की परीक्षक कधीही येतील, आणि समितीच्या माणसाच्या घरातूनच असं झालं तर तोंड कुठं लपवायचं. मी म्हटलं, बरोबर आहे, मिथेन वाईटच. मग आधी तुमच्या गोठ्यापासून सुरुवात करू.

“गायींचं वेगळं हाय, वहिनी.”

“काय वेगळं आहे?”

“त्या आपल्या हायेत.”

हे ते इतक्या निर्मळपणे म्हणाले, की मला क्षणभर रागही आला नाही. जगातल्या मोठमोठ्या सभागृहांत, फेट्यांऐवजी टाय घातलेली माणसं हेच वाक्य नाना भाषांत बोलत असणार. धूर वाईट, पण आमची चिमणी वेगळी. वायू वाईट, पण आमचा आपला. जमीन तिकडे उत्तरेला सुटते आहे हे सगळ्यांना मान्य; फक्त तिच्यासाठी थांबायचं कोणी, हे ठरवताना नजर नेहमी ज्याच्या पाठीवर बिऱ्हाड आहे त्याच्यावर जाऊन थांबते. आणि मीही काही धुतल्या तांदळाची नव्हे. माझ्या चहातलं दूध भाऊजींच्याच गोठ्यातून येतं, आणि ठकूबाईची मेंढरं ढेकर देतात हे तर मीच तिला सांगितलं होतं. मेंढरं निर्दोष आहेत म्हणून मी रान देत नव्हते. सगळेच दोषी असताना शिक्षा एकाच वाड्याला, हे मला चालणार नव्हतं.

तेवढ्यात अध्यक्ष मोटारसायकलवरून आले. खाली न उतरताच म्हणाले, “बाई, तुमचं नाव ग्रामसभेत घ्यावं लागंल.”

“घ्या,” मी म्हटलं. “पूर्ण घ्या, माहेरच्या आडनावासकट.”

त्यांनी मोटारसायकल तशीच वळवली. इंजिन चालूच होतं.

मग पश्चिमेला, भीमाशंकराच्या डोंगरांवर धुरकट तांबूस उजेड असताना, मेंढरं आली. आधी धूळ दिसली, मग घंटा ऐकू आल्या, मग लोकरीचा, ताकाचा आणि उन्हाने भाजलेल्या चामड्याचा तो दाट वास, जो एकदा नाकात बसला की जेवणातही येतो. कळप बांधावरून असा सांडला, की क्षणभर माझं रान आपणच चालू लागल्यासारखं वाटलं. ठकूबाईचा मुलगा आणि सून जाळी ठोकत फिरले, कोकरं मधोमध घेतली, घोडी कडेला बांधली. ठकूबाईने दगडावर बसून मला विचारलं, ते अस्वल फोटूत कशाला घातलं? मी म्हटलं, त्याचंही रान जातंय. “मंग त्याला बी तुमच्याकडंच आना,” ती म्हणाली, आणि तेव्हा कुठे पाणी प्यायली.

सकाळी मी गेले तेव्हा कळप पुढच्या चरणीला निघाला होता आणि सून कोकरं आयांना लावत होती. सगळी होती. कालव्याच्या रस्त्यावर, उसाच्या बाजूला, बिबट्याचे ताजे ठसे होते. ते पाहून आल्याचं भाऊजींनी स्वतः सांगितलं, माझ्याकडे न बघता, हवेला सांगावं तसं. समितीचा राजीनामा त्यांनी दिला नाही आणि मी मागितला नाही. फ्लेक्स आहे तसा आहे. ग्रामसभा व्हायची आहे. तिथे मी उभी राहीन, आणि सायबेरियाबद्दलच बोलेन, कारण ते खरं आहे आणि भयंकर आहे. मग गाईंबद्दल बोलेन, जनरेटरबद्दल, लिंबाखाली चालू राहिलेल्या गाडीबद्दल, आणि शेवटी विचारेन की आता कोणाला हाकलायचं. पुढच्या वैशाखातही माझं रान मोकळं असेल, हे मी ठकूबाईला आधीच सांगून ठेवलं आहे.

वाडा उठून गेल्यावर मी रानाच्या मधोमध खाली बसले. जमीन लेंड्यांनी काळी झाली होती. माती जरा उकरून आत हात घातला. वरची माती रात्रीच्या हवेने निवली होती, पण बोटं खाली गेली तशी ऊब लागली. कळपाची, की आत कामाला लागलेल्या कुजण्याची, कोण जाणे. इथे हीच ऊब उद्याचं पीक होईल. तिकडे उत्तरेला हीच ऊब जमिनीच्या पोटात शिरते आहे, तेच न दिसणारे जीव तसेच जागे होत आहेत, आणि तिथे ती सर्वनाशाची सुरुवात आहे. मातीला यातलं काही ठाऊक नाही. तिला मिळालं ते ती खाते. जिला भ्यायचं आणि जिच्यावर जगायचं अशी ती एकच ऊब माझ्या बोटांना लागत होती, आणि हात बाहेर काढावासा वाटत नव्हता.