पांढऱ्या भिंतीमागचे पाणी

दिनांक ७ ऑक्टोबर २०२४, सोमवार, सकाळी सव्वासात. मालवण येथील ‘मोतीबंदर’ इमारत, तिसरा व शेवटचा मजला, सदनिका क्रमांक ३०२. गच्चीवरील टाकीतून झिरपणाऱ्या पाण्यामुळे बैठकीच्या खोलीतील छताचा गिलावा प्रार्थनेच्या वेदीवर कोसळला. दीड वर्षातील ही चौथी तक्रार. व्यवस्थापनाचे उत्तर : माणूस पाठवतो.

ही नोंद बर्नादेत टीचरांच्या वहीतली. अडतीस वर्षे प्राथमिक शाळेत शुद्धलेखन शिकवलेल्या या बाईंना रागसुद्धा समासाच्या आत राहूनच लिहिता येत असे. घर भाड्याचे, मालक मुंबईला. इमारतीची देखभाल बाजारातल्या एका कार्यालयाकडे होती आणि तिथे फोन उचलणारा, पाहणीला येणारा, अहवाल लिहिणारा माणूस एकच, मितेश. तो वाईट नव्हता. वाईट असता तर बरे झाले असते. त्याच्याशी भांडता आले असते.

टीचरांचे सारे लक्ष एका तारखेकडे लागले होते. दरवर्षी पावसाळा सरला की सायबिणीची, म्हणजे मारिया मातेची मूर्ती वस्तीतल्या ख्रिस्ती घरांतून फिरते. प्रत्येक घरी एक दिवस मुक्काम, संध्याकाळी शेजारपाजारच्यांसह लदीन, म्हणजे मारियेची गायिली जाणारी प्रार्थना, म्हणायचे, मग उकडलेले चणे वाटायचे आणि दुसऱ्या दिवशी मूर्ती पुढच्या घरी पोचवायची. गेल्या वर्षी नेमका आदल्या दिवशी गिलावा पडला आणि खालच्या मजल्यावरचा स्टॅनली म्हणाला, “टीचर, हंय नको. मूर्तीक कायतरी झाला तर?” मूर्ती त्यांच्या दारावरून पुढे गेली. त्या दारात मेणबत्ती घेऊन उभ्या होत्या. यंदाची तारीख होती १९ ऑक्टोबर.

मितेश येतो म्हटल्यावर टीचर नेहमीप्रमाणे कामाला लागल्या. पडलेला गिलावा उचलला, भेग बुजवली, ओला डाग खरवडला आणि समोरच्या बिऱ्हाडातल्या राधाबाईंना स्टूल धरायला बोलावून छताला नि भिंतीला चुन्याचे दोन हात दिले.

“टीचर, चुनो लावून लावून तुझो हात दुखलो,” राधाबाई खालून म्हणाल्या, “पण त्या पाण्याक काय लाज नाय.”

“माणूस घरात येतलो, राधा. त्याका अशी भिंत कशी दाखवू?”

“म्हणजे दुखणेकऱ्याक पावडर लावून डॉक्टराक दाखवतलंस.”

टीचर हसल्या, पण ब्रश थांबला नाही. आईने त्यांना हेच शिकवले होते. पाहुणा कोणीही असो, घराने आपले रडगाणे त्याच्यापुढे गाऊ नये.

मितेश आला. चहा प्याला, टीचरांनी केलेली नारळाची बिस्किटे खाल्ली, मान वर करून पाहिले. “भिंत तर छान आहे की, टीचर.” त्याने भिंतीचा फोटो काढला आणि तो गेला. दोन दिवसांनी छत पुन्हा ठिबकू लागले.

पंधरा तारखेला टीचर रिक्षा करून कार्यालयात गेल्या. त्यांनी आपल्या घराची फाईल मागितली. मितेशने ती मुकाट्याने पुढे सरकवली. चार पाहण्या, चार अहवाल, चारही जागी एकच वाक्य : ‘गळती आढळली नाही.’ सोबत चार फोटो. चारही फोटोंत त्यांनीच रंगवलेली, शुभ्र, हसतमुख भिंत.

टीचरांनी फाईल मिटली. खोट्या अहवालाला काय म्हणायचे ते त्यांनी रिक्षात जुळवून ठेवले होते. अहवाल खोटा निघाला नाही. मात्र चार वेळा येऊन एकदाही गच्चीचा जिना न चढणाऱ्याला निर्दोष म्हणण्याइतक्याही त्या भाबड्या नव्हत्या.

“शनिवारी साडेसहाक ये,” त्या म्हणाल्या. “आमच्याकडे लदीन आसा.”

“पाहणीसाठी, की लदिनासाठी?”

“दोनांक.”

मग आले सर्वांत अवघड काम : काहीही न करणे. राधाबाई शुक्रवारी चुन्याचा डबा घेऊन स्वतःच आल्या. “सायबीण येतली गो. आजचो दिस तरी लावूया.” टीचरांनी डबा हातात घेतला, झाकण उघडले आणि पुन्हा लावले. त्या रात्री सायबीण हे सगळे पाहील याची त्यांना फार लाज वाटली.

शनिवारी स्टॅनलीने मूर्ती आणली. वेदीमागच्या भिंतीवरचा हिरवट डाग आणि तडकलेले छत पाहून तो घुटमळला. “आत घे, बाबा,” टीचर म्हणाल्या. “तिका सगळा दिसूंदे.” मूर्ती ठेवली गेली, मेणबत्त्या पेटल्या. लदीन सुरू झाले न झाले तोच पहिला थेंब फुलांवर पडला. राधाबाईंनी झटकन दारामागची छत्री उघडली आणि सर्वांत उंच म्हणून ती मितेशच्या हातात दिली.

पाऊण तास तो मूर्तीवर छत्री धरून उभा राहिला. छत्रीवरून ओघळणारे पाणी त्याच्या बाहीत शिरत होते. शेवटचे गाणे संपले तेव्हा त्याने मान वर करून छताकडे पाहिले.

“टीचर, आता दिसता माका.”

“चणे खा आधी. मगे वर जा.”

तो गच्चीवर गेला. टाकीच्या तळाला बोट शिरेल एवढी चीर होती. जिन्यात उभ्यानेच त्याने अहवाल लिहिला : ‘गळती आढळली.’ टीचरांनी तो चष्मा लावून वाचला आणि आपल्या टॉवेलाने त्याची बाही टिपली.

आज १९ डिसेंबर. अहवाल कार्यालयात आहे, चीर टाकीत आहे, मालक मुंबईत आहेत. बर्नादेत टीचरांनी भिंतीला चुना लावलेला नाही.

वाचकहो, तुमच्यापैकी ज्यांनी आपले घर भाड्याने दिले आहे आणि त्याची देखभाल दुसऱ्यावर सोपवली आहे, त्यांच्याकडे मागणी एवढीच : येत्या रविवारी त्या घरी जा, चहा नंतर घ्या, आधी गच्चीवर चढून टाकीचा तळ पाहा.