सहा वाजून दहा मिनिटं

दातांच्या त्या लॅबमध्ये कवळ्या बनवणारी ती एकटीच बाई. आपल्या जिभेला हाड नाही हे ती नव्या माणसाला पहिल्याच दिवशी सांगून टाकायची, म्हणजे पुढे कोणाला तक्रारीला जागा उरत नसे. डॉक्टरांकडून पेशंटच्या तोंडाचा ठसा आला की त्यात प्लॅस्टर ओतायचं, त्या साच्यावर मेणात एकेक दात बसवायचा आणि कवळी तयार झाली की घासून घासून गुळगुळीत करायची. कुठे जराशी धार राहिली तरी हिरडी सोलून निघते. घासण्याच्या कामात तिचा हात धरणारा कोणी नव्हता. "अर्धं गाव माझ्या दातांनी हसतंय," ती म्हणायची, "आणि मला बघून हसणारा एक मिळत नाही."

एकेचाळिसाव्या वर्षी तो मिळाला. हरवलेली छत्री मिळावी तसा मिळाला, असं तीच सांगायची. एका कारखान्यात कामगारांच्या पाळ्या लावायचं त्याचं काम. चार महिने दोघं बरोबर फिरली, बागेतल्या बाकांवर बसली. तिसऱ्या महिन्यात तो विचारायला लागला, आज बाहेर पडायला सात मिनिटं उशीर का झाला. चौथ्या महिन्यात त्याने तिच्या नकळत तिचा फोन उघडून पाहिला. आपलं जमायचं नाही, असं तिने त्याला तोंडावर सांगितलं. गोष्टीतला एवढा भाग ती दोन वाक्यांत उरकायची, कारण खरी गंमत पुढे होती.

दुसऱ्या दिवसापासून तो लॅबसमोरच्या फुटपाथवर येऊन उभा राहायला लागला. संध्याकाळी बरोबर सहा वाजून दहा मिनिटांनी. बोलायचा नाही, रस्ता ओलांडायचा नाही, नुसता दाराकडे बघत राहायचा. तिनेच त्याचं नाव ठेवलं, घड्याळ. लॅबच्या भिंतीवरचं खरं घड्याळ नेहमी मागे पडायचं. एका संध्याकाळी तो समोर उगवताच ही बाई स्टुलावर चढली आणि त्याच्यावरून काटे लावून मोकळी झाली. मालकांसकट सगळे हसून लोळले. मग तो रोजचाच खेळ झाला. "बाकीच्या बायकांना फुलं मिळतात, मला प्रमाणवेळ मिळाली," हे वाक्य तर तिने इतक्यांना ऐकवलं की शेवटी लोकच तिला ते म्हणून दाखवायला लागले.

अकरा आठवड्यांनी तो यायचा थांबला. "बघा," ती म्हणाली, "माझी वाट बघायचासुद्धा माणसाला कंटाळा येतो." यावरही सगळे हसले.

वर्षभराने एका दुपारी एक मुलगी तिला शोधत लॅबमध्ये आली. पलीकडच्या रस्त्यावर चष्म्याचं दुकान होतं, तिथे ती काम करायची. असेल अठ्ठावीस वर्षांची. बसली नाही, उभ्या उभ्याच बोलली.

"ताई, तो आधी तुमच्याबरोबर होता ना? मी त्याला महिन्यापूर्वी नाही म्हटलं. आता रोज दुकानासमोर येऊन उभा राहतो. काही करत नाही तसा. मी घाबरायला हवं का, एवढंच विचारायचं होतं."

दातवालीने मेणाचा चाकू खाली ठेवला आणि तिला सगळी गोष्ट रंगवून सांगितली. स्टूल, काटे, प्रमाणवेळ, काही सोडलं नाही. मुलगी आधी नुसतीच ऐकत होती, मग हसली, मग तिला हसू आवरेना. तिने चष्मा काढून डोळे पुसले.

"घाबरतेस काय त्याला," दातवाली म्हणाली. "घड्याळ लावून घे."

त्या दिवशी ती मोठ्या समाधानाने घरी गेली. पोरीच्या डोक्यावरचं ओझं आपण चुटकीसरशी उतरवलं असं तिला मनापासून वाटलं. स्वतःवर इतकी खूश ती क्वचितच असायची.

पाच आठवड्यांनी, दुकानाचं शटर ओढायला ती मुलगी वाकली असताना, त्याने तिला मागून भोसकलं. ती तिथेच गेली.

तिसऱ्या दिवशी सवयीप्रमाणे दातवालीने स्वतःवर एक विनोद करून पाहिला. "माझ्यापेक्षा तिच्यावर त्याचा जास्त जीव होता म्हणायचा," एवढं बोलली आणि तोंड दाबून बेसिनकडे धावली. भिंतीवरचं घड्याळ तेव्हापासून मागे पडलं ते तसंच राहिलं.

खटला उभा राहिला तेव्हा सरकारी वकिलांनी तिला बोलावून घेतलं. आरोपीचं म्हणणं, हातून रागाच्या भरात घडलं. पाळत वगैरे काही नव्हती, आपल्याला कधी कोणी घाबरत नव्हतं. ते मान्य झालं तर थोडक्या वर्षांत तो सुटून बाहेर येणार होता.

"तुम्ही त्याला घाबरत होतात, हे कोर्टाला पटलं पाहिजे," वकील म्हणाले. "त्याच्या आधीच्या वागण्याच्या साक्षीदार तुम्हीच."

झालं, तिने मनात म्हटलं, अख्ख्या गावात जिचं घाबरणं कोणाला खरं वाटणार नाही अशी एकच बाई होती, नेमकी तीच यांना सापडली.

साक्षीच्या दिवशी कोर्टाच्या व्हरांड्यात एक वयस्कर बाई तिच्याशेजारी येऊन बसली. ती त्या मुलीची आई होती.

"घड्याळाची गोष्ट तुमचीच ना?" तिने विचारलं. आवाजात राग नव्हता. "ती घरी येऊन आम्हाला सांगायची. खूप हसलो आम्ही. मग रोज सहा दहाला मला फोन करायची. म्हणायची, आई, आला गं, घड्याळ लावून घे."

एवढ्यात दातवालीच्या नावाचा पुकारा झाला.

आत गेल्यावर सरकारी वकिलांना तिने नीट उत्तरं दिली. मग आरोपीचे वकील उठले.

"तुमच्या मालकांनी सांगितलं की माझ्या अशिलाला बघून तुम्ही रोज स्टुलावर चढून काटे लावायचात. खरं आहे?"

"खरं आहे. घड्याळ मागे पडायचं आणि तो कधी मागे पडायचा नाही." तोंडातून निघूनच गेलं. मागच्या बाकावर कोणीतरी खुदकन हसलं. वकीलही हसले.

"घाबरलेली बाई असं करते का हो?"

तिने कठड्याची लाकडी पट्टी घट्ट धरली.

"लॅबला मागचं दार आहे," ती म्हणाली. "प्लॅस्टरचा कचरा टाकतात ना, तिकडचं. काटे लावून सगळ्यांना हसवलं की सगळे पुढच्या दाराने जायचे. मी काम राहिलंय म्हणून थांबायची आणि मग मागच्या दाराने निघायची. अकरा आठवडे. घराचा जिना चपला हातात घेऊन चढायची. दार लावलं की त्याला खुर्ची टेकवायची."

"हे तुम्ही तेव्हा कोणाला सांगितलंत?"

"कोणालाच नाही."

"मालकांना नाही. पोलिसांना नाही. आणि ती मुलगी मुद्दाम विचारायला आली होती, तिला?"

"नाही."

"का बरं? खरं होतं ना हे सगळं?" वकील न्यायाधीशांकडे बघून बोलत होते.

"खरं होतं म्हणूनच," ती म्हणाली. "ते सांगितलं असतं तर ती हसली नसती."

या वेळी मागे कोणी हसलं नाही. न्यायाधीशांनी टायपिस्टला सांगितलं, हे उत्तर जसंच्या तसं घ्या. खाली उतरताना त्या आईकडे एकदा बघायचं असं तिने ठरवलं होतं, पण ते तिला जमलं नाही.