स्टिकरखालचा लाल दिवा

गाडीला काय दुखतंय ते गाडी स्वतःच सांगते, आपण फक्त ऐकायचं, असं गहिनीनाथ भेटेल त्याला ऐकवायचा. दूध संघाच्या चेअरमनच्या गाडीवर तो ड्रायव्हर होता. त्याआधी त्यानं ट्रॅक्टर हाकला, बीड-वडवणी रस्त्यावर काळीपिवळी जीप मारली, आणि कुठलीच गाडी त्यानं कधी रस्त्यात उभी राहू दिली नाही. इंजिनाचा जरासा आवाज बदलला तरी ह्याचे कान टवकारायचे, आणि मग ते तो शेजारच्याला इतक्या कौतुकानं समजावून सांगायचा की शेजारचा कंटाळून झोपायचा. असल्या माणसानं गाडीचं ऐकणं सोडून दिलं, ते त्या दुष्काळात.

त्या वर्षी पावसानं पाठच फिरवली. म्हातारी माणसं बहात्तर सालच्या दुष्काळाची आठवण काढायची आणि म्हणायची, तेव्हा खायला नव्हतं, पण प्यायला तरी होतं. आजूबाजूच्या विहिरी आटल्या. दूध संघाच्या शीतकरण केंद्रातल्या बोअरला मात्र पाणी टिकून राहिलं. साहजिकच सगळ्या गावांचा डोळा त्या बोअरवर. तेव्हा संघाचे चेअरमन सुंदरराव, ज्यांना लहानथोर सगळे आप्पा म्हणायचे, त्यांनी भर सभेत शब्द दिला की हे पाणी दुधाचे कॅन धुवायला आणि चारा छावणीतल्या जनावरांना. कुणाच्या घरी त्यातला तांब्याभर जाणार नाही, माझ्याही नाही. आणि त्यांनी तो शब्द पाळला. त्यांची सून टँकरमागे घागर घेऊन पळताना लोकांनी डोळ्यांनी पाहिली होती, म्हणून तर लोक गप्प बसले होते.

अशात गहिनीनाथची लेक गंगासागर पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. मुलगी झाली, दोघी सुखरूप. पण बाळंतिणीला आणि बाळाला रोज तेल लावून कढत पाण्यानं न्हाऊ घालायचं, तर पाणी आणायचं कुठून? गहिनीनाथची बायको बायनाबाई नळाच्या तोटीकडे बघत बसायची. एके दिवशी तिनं लेकीला नुसतं ओल्या फडक्यानं पुसून काढलं आणि चुलीपुढं बसून रडली. दुसऱ्या दिवसापासून गहिनीनाथनं संघाचे दोन छोटे कॅन दुपारीच बोअरवर भरून गाडीच्या डिकीत ठेवायला सुरुवात केली. आप्पांना घरी सोडलं की ते पाणी ह्याच्या घरी. म्हणजे दुपारपासून आप्पा गावोगाव शब्द देत फिरायचे आणि त्यांच्या पाठीमागे पाणी हिंदकळत असायचं.

त्यात डिकीचं लॉक बिघडलं. खरं तर ते आधीपासूनच कुरकुरत होतं. आदल्या साली आप्पांचं पॅनेल निवडून आलं तेव्हा पोरांनी गाडीवर गुलालाची पोती रिकामी केली होती, आणि तो गुलाल कितीही धुतला तरी फटींतून निघाला नव्हता. लॉक जड लागतंय म्हणून गहिनीनाथनं त्यात करडईचं तेल सोडलं. आपल्याकडे दाराच्या बिजागरीपासून लेकराच्या टाळूपर्यंत सगळीकडे हेच तेल चालतं, मग गाडीला का चालू नये? पण करडईचं तेल उघड्यावर राहिलं की चिकट होतं. कुठल्याही स्वयंपाकघरातल्या तेलाच्या बरणीला बाहेरून बोट लावून बघा. त्यात गुलाल, त्यात त्या उन्हाळ्याची धूळ. आतला खटका अडकायला लागला, आणि तो जितका अडके तितकं हा गडी आणखी तेल ओतायचा.

मग समोर लाल दिवा लागला. डिकी उघडी असल्याचं चित्र. गहिनीनाथ उतरून डिकी आपटायचा, दिवा विझायचा, पुढच्या वळणावर पुन्हा लागायचा. मागून आप्पांनी एकदा विचारलं की हे काय पेटतंय, तर हा म्हणाला, वायरिंगचा दोष आहे.

वायरिंगचा दोष काढायला तो बीडला शिवलिंगप्पाच्या गॅरेजात गेला. शिवलिंगप्पा गाड्यांच्या इलेक्ट्रिकचं काम करायचा आणि कमी बोलायचा. त्यानं बाहेरून डिकीवर तळहात दाबला, दिवा गेला. हात काढला, दिवा आला. म्हणाला, दिव्याला काही झालेलं नाही, लॉकच अर्धं बसतंय. उघड, आत बघतो, रॉकेलनं धुऊन काढतो, तासाभराचं काम. आत संघाचे कॅन. शिवलिंगप्पाचा मेव्हणा संघाचाच सभासद. आत आप्पांचे महत्त्वाचे कागद आहेत, उघडता येणार नाही, अशी गहिनीनाथनं थाप मारली आणि तू फक्त दिवा विझव म्हणाला.

शिवलिंगप्पानं हात पुसले. "दिवा विझवल्यानं डिकी लागंल व्हय? येड्यासारखं काय बी बोलू नको. उद्या कागद काढून ये."

उद्याही सकाळी गाडी संघाच्या कामात आणि दुपारनंतर डिकीत पाणी असणारच होतं. गहिनीनाथ गेला नाही. त्यानं अंबाजोगाईच्या योगेश्वरीचं एक स्टिकर घेतलं आणि बरोबर त्या दिव्यावर चिकटवलं. आप्पांनी ते बघून हात जोडले. ह्याला वाटलं, सुटलो. गाडीचं ऐकणाऱ्या माणसानं देवी आडवी लावून गाडीचं तोंड बंद केलं, आणि ह्याची त्याला लाजही वाटली नाही, कारण घरी नात आता रोज न्हाऊन गाढ झोपत होती.

पालीला सभा होती. पालीचे सभासद आता बोअरच्या पाण्यावरून संघाला दूध घालणं बंद करायच्या बेतात होते आणि त्यांना समजवायला आप्पा निघाले होते. गावात शिरताना रस्त्याला एक आडवा चर होता. गाडी त्यात आपटली, मागं काहीतरी खाडकन वाजलं, पण समोर योगेश्वरी शांत होती. गहिनीनाथनं गाडी तशीच पुढं नेऊन चौकात उभी केली. तिथं टँकरची वाट बघत बायका घागरींच्या रांगेशेजारी बसल्या होत्या. डिकीचं झाकण पुरतं वर झालं होतं. आत कॅन कलंडले होते, एकाचं झाकण निघालं होतं आणि पाणी बंपरवरून धुळीत पडत होतं. कॅनवर लाल रंगात संघाचं नाव.

सुभद्राबाई, जिच्या दोन म्हशींचं दूध पहिल्या दिवसापासून संघाला जात होतं, ती उठून गाडीपाशी आली. तिनं त्या पाण्याकडे पाहिलं, मग आप्पांकडे.

"आप्पा, हे कुणाचं पानी?"

आप्पांनी गहिनीनाथकडे पाहिलं. गहिनीनाथला सगळं कळत होतं. दोन शब्द बोलायचे होते. पण नोकरी गेली तर ह्या दुष्काळात कुठं जायचं, हाच एक विचार डोक्यात फिरत राहिला आणि तो कलंडलेला कॅन सरळ करायला वाकला. शेवटी आप्पा म्हणाले, "गाडी माझी हाय. पानी बी माझंच समजा." त्यांनी स्वतः दुसरा कॅन उतरवून बायकांपुढं ठेवला. एकीनंही घागर पुढं केली नाही. सभा झालीच नाही.

परतताना आप्पा बाहेर बघतच म्हणाले, "पानी लेकीला नेत होतास ना?" गहिनीनाथ रडायला लागला. म्हणाला, आप्पा, तुम्हीच का नाही सांगितलं?

"चेअरमननं ड्रायव्हरवर ढकललं तर कोन खरं मानंल? ते तूच बोलायला पायजे होतं."

रात्रभर तो तळमळला. सकाळी एसटीनं पालीला गेला आणि सुभद्राबाईच्या अंगणात, चारपाच माणसं बसलेली असताना, सगळं सांगितलं. लेक, कॅन, लॉक, स्टिकर, काही राखून ठेवलं नाही. आप्पांना ह्यातलं काही ठाऊक नव्हतं, चोर मी आहे, म्हणाला. सांगून झाल्यावर त्याला हलकं वाटलं.

सुभद्राबाईनं विचारलं, "मंग काल कावून न्हाई बोललास?"

"भ्यालो, मावशी."

माणसांनी एकमेकांकडे पाहिलं. कोपऱ्यातला एकजण हळूच म्हणाला, आप्पांनी पाठवलं असंल. दुसरा म्हणाला, पाठवलं असो की आपणहून आला असो, मालकासाठी एवढं अंगावर घेणारा नोकर आता मिळत नाही. गहिनीनाथनं लेकीची शपथ घेतली, नातीची घेतली. तो जितकं सांगेल तितक्या त्या माणसांच्या माना कौतुकानं हलत गेल्या. दूध मात्र उद्यापासून बंद, हे त्यांनी आधीच ठरवलं होतं.

सुभद्राबाई आत गेली आणि रांजणाच्या तळातलं पाणी काढून तांब्या भरून घेऊन आली. "घे बाबा," ती म्हणाली, "तुझ्यासारखा इमानी मानूस माझ्या दारातून तहानलेला जायला नको."

सगळे बघत होते. गहिनीनाथनं तांब्या दोन्ही हातांनी घेतला आणि तो ते पाणी प्यायला.